खोली मुंबईत, मत कुठे? नवख्या मुंबईकरासाठी लोकसभा मतदानाची माहिती

मुंबईत आल्यावर माणूस आधी खोली शोधतो, मग लोकलचा पास काढतो, मग डबा लावतो. मतदार यादी आठवते ती थेट मतदानाच्या आदल्या रात्री, ग्रुपवर कुणीतरी "आपलं केंद्र कुठलं?" असं विचारतं तेव्हा. माझंही तसंच झालं होतं. घाटकोपरला येऊन दोन वर्षं उलटली होती, नाव मात्र परळच्या जुन्या चाळीच्या यादीत. चाळ पाडून तिथे टॉवरचा पाया खणला जात होता. सकाळी सात वाजता उत्साहाने परळला पोहोचलो, तर यादीत माझ्या नावावर "वगळले" असा शिक्का. घरोघरी फिरणाऱ्या माणसाला चाळच सापडली नसेल, तर मी कुठून सापडणार? घाटकोपरच्या यादीत तर मी नाव घातलंच नव्हतं. रागावायला समोर कुणी नव्हतं, म्हणून कोपऱ्यावर चहा प्यायलो आणि घरी आलो.

मतदान यंत्रावरून तावातावाने भांडणारे आपल्याकडे खूप. यादी उघडून स्वतःचं नाव बघणारे त्या मानाने फार थोडे. म्हणून या लेखाचा मोठा भाग यादीवर आहे. यंत्राचं काम दोन मिनिटांचं असतं, यादीचं काम काही महिने आधीचं.

आधी हे ठरवा: गावाला की इथे?

सातारा, लातूर, सिंधुदुर्ग किंवा चंद्रपूरहून आलेल्या बहुतेकांचं नाव गावच्या यादीत असतं. ते तसंच ठेवून इथेही नाव घालायचं, असा सल्ला देणारे शहाणे भेटतील. ऐकू नका. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० प्रमाणे एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात आणि तेही एकदाच असू शकतं. अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दोन ठिकाणी नाव ठेवणं ही हुशारी नाही, गुन्ह्याला आमंत्रण आहे.

कायदा विचारतो ते एवढंच की तुम्ही "सर्वसाधारणपणे रहिवासी" कुठले. गावात घर किंवा शेत नावावर असणं पुरेसं नाही, हे कायद्यातच लिहिलंय. उलट मुंबईत स्वतःचा फ्लॅट नाही, भाड्याने राहतो, म्हणून इथे नाव घालता येत नाही हाही गैरसमज. काही दिवसांसाठी बाहेर गेल्याने गावचा रहिवास जात नाही, हेही खरं. पण नोकरी इथे, मुलांची शाळा इथे आणि गावाला जाणं फक्त गणपतीत आणि मे महिन्यात असेल, तर उत्तर तुम्हाला माहीत आहे.

माझं मत विचाराल तर लोकसभेसाठी मुंबईतच नाव आणा. आपल्या रोजच्या जगण्यातल्या किती गोष्टी दिल्लीच्या हातात आहेत, हे इथे आल्यावरच कळतं. लोकल चालवते केंद्राची रेल्वे, रेल्वेच्या जमिनीवरच्या झोपड्यांचा प्रश्न तिथला, बंदराची जमीनही केंद्राच्या अखत्यारीत. साडेनऊच्या गाडीला लटकणाऱ्याने खासदार मात्र चारशे किलोमीटरवरचा निवडायचा, हे मला पटत नाही. तरी गावाशी नाळ जास्त घट्ट असेल तर तिथलं नाव राहू द्या आणि मतदानाला खरोखर जा.

वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना मात्र सरळ निवड आहे: आईवडिलांचा पत्ता किंवा वसतिगृहाचा. वसतिगृहाचा द्यायचा असेल तर कॉलेजकडून ठरावीक नमुन्यातलं पत्र घ्यावं लागतं.

तुमचा मतदारसंघ कुठला

लोकसभेच्या ५४३ जागांपैकी महाराष्ट्रात ४८, आणि त्यातल्या सहा मुंबईत. प्रत्येक जागेत सहा विधानसभा मतदारसंघ, म्हणजे एकूण ३६. नावांवर जाऊ नका, फसाल. चेंबूर नकाशात पूर्वेला दिसतं, पण ते दक्षिण मध्य मुंबईत आहे. धारावी, वडाळा, माहीम, सायन-कोळीवाडा आणि अणुशक्तीनगरही त्याच मतदारसंघात. चेंबूरच्या शेजारचं घाटकोपर मात्र ईशान्य मुंबईत, विक्रोळी, भांडुप, मुलुंड आणि मानखुर्द-शिवाजीनगरबरोबर. कुर्ला, कलिना, चांदिवली, विलेपार्ले आणि दोन्ही वांद्रे मिळून उत्तर मध्य. अंधेरीच्या दोन्ही बाजू, वर्सोवा, गोरेगाव, दिंडोशी आणि जोगेश्वरी पूर्व हे उत्तर पश्चिम. मालाड पश्चिम, चारकोप, कांदिवली पूर्व, मागाठाणे, बोरिवली, दहिसर हे उत्तर मुंबई. वरळी, शिवडी, भायखळ्यापासून कुलाब्यापर्यंत दक्षिण मुंबई.

आणि "मी मुंबईत राहतो" म्हणणाऱ्यांपैकी निम्मे मुंबईत राहतच नसतात. डोंबिवलीकर कल्याण मतदारसंघात येतात, नालासोपारा पालघरमध्ये, मीरा-भाईंदर आणि ऐरोली ठाण्यात. पनवेल तर थेट मावळमध्ये. ऑफिस नरिमन पॉइंटला असलं तरी मत तिथलंच, जिथे रात्री झोपता.

अर्ज: सहा की आठ?

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. पहिल्यांदाच नाव घालत असाल तर फॉर्म ६. नाव आधीच कुठल्या तरी यादीत असेल आणि फक्त पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८, मग तो पत्ता विदर्भातला असो की शेजारच्या गल्लीतला. पूर्वी दुसऱ्या मतदारसंघातून आलेल्यांनाही फॉर्म ६ भरावा लागायचा, म्हणून जुनी जाणती मंडळी अजून तेच सांगतात. २०२२ पासून ते बदललं. फॉर्म ८ भरलात की जुनं नाव काढायचं कामही त्यातच होतं आणि तुमच्या ओळखपत्राचा नंबर, तीन अक्षरं आणि सात आकड्यांचा, तोच राहतो. बदलतो तो भाग क्रमांक, म्हणजे यादीच्या ज्या भागात तुमचं नाव आहे त्याचा आकडा, आणि त्या भागातला अनुक्रमांक. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

अठरा पूर्ण होण्याची तारीखही आता वर्षातून एकच नाही. पूर्वी १ जानेवारीला अठराचे असायला हवं होतं. फेब्रुवारीत वाढदिवस असलेल्याला जवळजवळ वर्षभर थांबावं लागायचं. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत.

अर्ज निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर मोबाइलवरूनच होतो. फोटो, वयाचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा एवढंच लागतं. वयासाठी दहावीचं प्रमाणपत्र चालतं. गाडी अडते ती पत्त्याशी. वीज, पाणी किंवा गॅसचं बिल चालतं, पण ते त्या पत्त्यावरचं किमान वर्षभराचं हवं, आणि भाडेकरूच्या हातात पडणारं बिल मालकाच्या नावाचं असतं. आधारवर मुंबईचा पत्ता टाकून घेतला असेल तर प्रश्नच मिटला. बँकेच्या किंवा पोस्टाच्या चालू पासबुकवर इथला पत्ता असेल तरी भागतं.

नाहीतर लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाड्याचा करार, पण नोंदणी केलेला. स्टॅम्पपेपरवर सह्या करून कपाटात ठेवलेला कागद चालत नाही. "अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही" असं मालक ठणकावून सांगतात. महाराष्ट्रात लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ मध्ये ती सक्तीची आहे आणि करून घ्यायची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. खोली घेतानाच हे बोलून घ्या. चावी हातात आल्यावर बोलाल तर "पुढच्या वेळी बघू" एवढंच ऐकाल. मालकांना वाटतं, भाडेकरूचं नाव यादीत लागलं की तो खोलीवर हक्क सांगेल. यादीतल्या नावाने घरावर कसलाही हक्क येत नाही. हे शांतपणे समजावून सांगा. माझे मालक तिसऱ्या खेपेला ऐकले.

कुठलाच कागद नसला तरी अर्ज करता येतो. मग प्रत्यक्ष पडताळणी होते. फुटपाथवर राहणाऱ्यांसाठीही सोय आहे: पडताळणी करणाऱ्या अधिकाऱ्याने (बीएलओ) रात्री तिथे जाऊन तो माणूस खरंच तिथे झोपतो का हे पाहायचं असतं.

बीएलओ नावाचा माणूस

बीएलओ म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. नावात अधिकारी असला तरी प्रत्यक्षात त्या बहुतेकदा पालिका शाळेतल्या बाई, अंगणवाडी सेविका नाहीतर एखादे कारकून असतात, आणि आपलं रोजचं काम संभाळून तुमचा जिना चढतात. अर्ज भरल्यावर त्या पडताळणीला येतात. तुम्ही दिवसभर ऑफिसात, दाराला कुलूप. शेजारच्यांना विचारलं तर ते म्हणतात, "इथे कोण राहतं माहीत नाही." मुंबईतले निम्मे अर्ज इथेच अडकत असावेत, असा माझा अंदाज आहे.

म्हणून अर्जात चालू असलेला मोबाइल नंबर द्या आणि अनोळखी नंबर उचला. शेजारच्या काकूंना आणि वॉचमनला सांगून ठेवा. दारावर नाव नसेल तर साध्या कागदावर लिहून चिकटवा. पेइंग गेस्ट म्हणून राहत असाल तर घरमालकिणीला सांगा, नाहीतर ती घाबरून "आमच्याकडे कुणी राहत नाही" म्हणेल, कारण सोसायटीला तिने तसंच सांगितलेलं असतं.

नाव घेण्यावर हरकत घ्यायला सात दिवसांची मुदत असते, त्यानंतर मतदार नोंदणी अधिकारी निर्णय देतात. अर्जाचा संदर्भ क्रमांक जपून ठेवा आणि आठवड्याला एकदा पोर्टलवर बघत राहा. अडलं तर १९५० वर फोन करा.

मुदतीचं पक्कं लक्षात असू द्या. निवडणूक जाहीर झाल्यावरही थोडे दिवस अर्ज घेतात, पण उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख उलटली की यादी बंद. मग कुणाचीही ओळख काढा, नाव लागत नाही. त्या तारखेच्या दहा दिवस आधी अर्ज गेला नसेल तर पडताळणीला वेळच उरत नाही. खरं तर निवडणुकीचा गाजावाजा सुरू व्हायच्या आत हे काम उरका.

नाव लागलं, तरी बघा

ओळखपत्र हातात आलं म्हणजे मत पक्कं, असं नाही. ओळखपत्र म्हणजे ओळख. मत देता येतं ते यादीत नाव असेल तरच. पुनर्विकास, एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन), संक्रमण शिबिर, रस्तारुंदीकरण यांनी मुंबईत अख्ख्या वस्त्या इकडच्या तिकडे होतात आणि यादीतून नावं उडतात. तेव्हा मतदानाच्या महिनाभर आधी एकदा आणि आठवडाभर आधी पुन्हा एकदा आपलं नाव शोधा. नावाने शोधू नका, ओळखपत्राच्या नंबराने शोधा. "कांबळे" आणि "कांबले" यांत संगणक कधी काय करेल सांगता येत नाही.

मतदान केंद्राचं नाव, खोली क्रमांक, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक कागदावर लिहून घ्या. मोबाइलमध्ये नाही, कागदावर. कारण पुढे येईल.

यंत्राबद्दल थोडंसं

मतदानाची पद्धत आपल्याकडे अनेकदा बदलली आहे आणि मुंबईने सगळे बदल पाहिलेत. पहिल्या निवडणुकीत मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह. आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. काही मतदारसंघ दोन जागांचे होते. डॉ. आंबेडकर १९५२ साली उत्तर मुंबईतून उभे राहिले आणि नारायण काजरोळकरांकडून हरले तो मतदारसंघ असाच, एक सर्वसाधारण आणि एक राखीव जागा असलेला. दोन जागांचे मतदारसंघ १९६१ मध्ये बंद झाले. पुढे शिक्क्याची मतपत्रिका आली. यंत्र पहिल्यांदा वापरलं गेलं ते १९८२ मध्ये केरळातल्या परूर इथे. सर्वोच्च न्यायालयाने ते कायद्यात बसत नाही म्हणून रद्द केलं, मग कायदा बदलावा लागला. २००४ ची लोकसभा पूर्णपणे यंत्रावर झाली. २०१३ मध्ये "नोटा", म्हणजे यापैकी कुणीच नको हा पर्याय, आलं. त्याच वर्षी नागालँडमध्ये व्हीव्हीपॅट, म्हणजे चिठ्ठी दाखवणारी पेटी, पहिल्यांदा वापरली गेली आणि २०१९ पासून ती लोकसभेच्या प्रत्येक केंद्रावर असते.

जिंकायचा नियम मात्र पहिल्यापासून तोच: ज्याला सगळ्यात जास्त मतं, तो खासदार. निम्म्याहून जास्त मतं लागत नाहीत. नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी दुसऱ्या क्रमांकावरचा उमेदवारच निवडून येतो. रागाने नोटा दाबणाऱ्यांनी हे समजून दाबावं.

मतदानाचा दिवस

२०२४ मध्ये मुंबईचं मतदान २० मेला, सोमवारी होतं. उकाडा असा की दुपारच्या रांगेतल्या माणसाचा शर्ट पिळून काढावा. वेळ सकाळी सात ते संध्याकाळी सहा. सातलाच जा. सुट्टी भरपगारी असते, रोजंदारीवरच्यालाही, हे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १३५-ब मध्ये आहे. मालक किंवा मुकादम कुरकुरला तर हा आकडा सांगा.

बरोबर मूळ ओळखपत्र न्या. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा फोटो असलेलं पासबुक चालतं. घरी आलेली मतदार चिठ्ठी केंद्र शोधायला उपयोगी, पण २०१९ पासून ती एकटी ओळख म्हणून धरत नाहीत. आणि मोबाइल घरी ठेवा. मत देताना तो आत नेता येत नाही. दारावरून परत पाठवलेली माणसं मी दरवेळी बघतो; कुणी बाहेरच्या वडापाववाल्याकडे फोन ठेवतो, कुणी चिडून घरी जातो. शोधलेली सगळी माहिती त्या फोनमध्येच असते, म्हणून म्हटलं, कागदावर लिहा. तो कागद नसेल तर बाहेर थोड्या अंतरावर पक्षांची टेबलं असतात, तेही नाव शोधून देतात. पण त्यांच्या चिठ्ठीवर पक्षाचं नाव किंवा चिन्ह असेल तर ती आत नेऊ नका. केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचाराला बंदी आहे.

एकाच शाळेत आठ-दहा केंद्रं असतात. इमारत बरोबर, पण रांग चुकली, असं सर्रास होतं. रांगेत उभं राहण्याआधी दारावरचा भाग क्रमांक तुमच्या कागदाशी जुळवा. तासभर उभं राहून "तुमचं शेजारच्या वर्गात" हे ऐकण्याइतकं वाईट काही नाही.

आत गेल्यावर पहिला अधिकारी नाव आणि क्रमांक मोठ्याने वाचतो, म्हणजे पक्षांच्या प्रतिनिधींना ऐकू जावं. दुसऱ्याकडे रजिस्टरमध्ये सही किंवा अंगठा, डाव्या तर्जनीला शाई आणि एक चिठ्ठी. तिसरा ती चिठ्ठी घेऊन आपल्यासमोरच्या यंत्राचं बटण दाबतो. मग तुम्ही पडद्याआड जायचं. यंत्रावर हिरवा दिवा लागलेला असतो.

यादीत आधी राष्ट्रीय आणि राज्य मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग इतर नोंदणीकृत पक्ष, शेवटी अपक्ष. प्रत्येक गटात नावं वर्णानुक्रमे. एका यंत्रावर सोळा जागा. उमेदवार जास्त असले तर शेजारी दुसरं यंत्र असतं, तेव्हा नाव सापडलं नाही म्हणून गोंधळू नका. एकसारख्या नावाचे उमेदवार उभे करायची खोड जुनी आहे, म्हणून नावाबरोबर फोटो आणि चिन्हही बघा. निळं बटण दाबलं की लाल दिवा लागतो आणि शेजारच्या पेटीच्या काचेआड चिठ्ठी दिसते: क्रमांक, नाव, चिन्ह. सात सेकंद. मग ती आपोआप पेटीत पडते. हातात मिळत नाही. लांब बीप वाजला की तुमचं मत नोंदलं गेलं. बटण दाबून लगेच वळू नका, ती सात सेकंद तुमच्यासाठीच आहेत.

सहा वाजले आणि तुम्ही रांगेत असाल तर निघून जाऊ नका. त्या क्षणी रांगेत असलेल्या सगळ्यांना चिठ्ठ्या देतात, त्याही शेवटच्या माणसापासून पुढे, आणि सगळ्यांचं मतदान होतं.

घरातले आजीआजोबा ८५ च्या पुढचे असतील किंवा कुणाला ४० टक्क्यांहून कमी नाही इतकं अपंगत्व असेल, तर घरूनच मत देता येतं. पण त्याचा फॉर्म १२-ड निवडणुकीची अधिसूचना निघाल्यावर पाच दिवसांत द्यावा लागतो. बीएलओ आल्या की त्यांनाच विचारून ठेवा.

काही बिनसलं तर

तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल, तर परत फिरू नका. केंद्राध्यक्षांकडे "प्रदत्त मत" मागा. ओळख पटली की तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते आणि ती वेगळ्या पाकिटात ठेवतात. ती साध्या मोजणीत धरली जात नाही, पण निकाल कोर्टात गेला तर ती कामाला येते.

चिठ्ठीवर दुसऱ्याचंच नाव दिसलं असं वाटलं तर तिथेच सांगा, बाहेर येऊन व्हिडिओ करू नका. लेखी द्यावं लागतं, मग सगळ्यांसमोर चाचणी मत घेतात. तक्रार खरी निघाली तर त्या यंत्रावरचं मतदान थांबवतात. खोटी निघाली तर गुन्हा. खात्री असेल तर अजिबात मागे हटू नका.

मोजणीच्या वेळी प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या पाच व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या यंत्राच्या आकड्यांशी जुळवतात. म्हणजे मुंबईतल्या एका लोकसभा जागेसाठी तीस. सगळ्याच जुळवाव्यात ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली. एकेका मताचं वजन बघायचं असेल तर त्याच वर्षीचा उत्तर पश्चिम मुंबईचा निकाल बघा: रवींद्र वायकर आणि अमोल कीर्तिकर यांच्यात फरक होता ४८ मतांचा. आमच्या इमारतीच्या एका विंगमध्ये त्याहून जास्त मतदार आहेत.

आणि एक. लोकसभा आणि विधानसभेची निवडणूक भारत निवडणूक आयोग घेतो, महापालिकेची राज्य निवडणूक आयोग. पण पालिकेची यादीही विधानसभेच्या यादीवरूनच बनते. त्यामुळे हे सगळं एकदा केलं की तिन्हीकडे उपयोगी पडतं, तुम्ही खोली बदलेपर्यंत. ती तुम्ही बदलणारच. अकरा महिने संपत आले की मालक भाडं वाढवतो आणि आपण दोन स्टेशनं पुढे सरकतो. टेम्पो ठरवाल त्याच आठवड्यात नव्या कराराची नोंदणी करून घ्या आणि फॉर्म ८ भरून टाका. गॅसचा पत्ता नंतर बदलला तरी चालेल.